कोरड्या डांबरावर फोर-एच: नेमकं काय झिजतं आणि आता काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हची सेकंड-हँड डिझेल गाडी घेतली. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना चारही चाकांना ताकद मिळाली की पकड वाढेल, या समजुतीने सगळा रस्ता ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या, नेहमीच्या वेगाच्या सेटिंगमध्ये) चालवला. रस्ता कोरडा होता. हॉटेलच्या पार्किंगमध्ये वळवताना गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळली, टायर ओरडले, आणि मग लिव्हर २एच मध्ये (फक्त मागची चाकं चालवणाऱ्या सेटिंगमध्ये) येईना. शेवटी खूप जोर लावल्यावर आला. आता वळताना पुढून कधीकधी "ठक" असा आवाज येतो. गाडीचं नुकसान झालंय का, काय तपासायचं, आणि डिसेंबरमध्ये मनालीच्या पलीकडे जायचंय तेव्हा ४एच केव्हा वापरायचं?

आधी धीर देतो. एका फेरीत ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी) फुटत नाही. या गाड्यांचे शाफ्ट आणि दाते बऱ्यापैकी जाडजूड असतात. पण जे झालं ते फेरीच्या लांबीमुळे झालेलं नाही, हे लक्षात घ्या. एक्सप्रेसवेचे सरळ ५० किलोमीटर गाडीला जेवढा त्रास देत नाहीत, तेवढा त्रास हॉटेलच्या सिमेंटच्या पार्किंगमधलं एक पूर्ण वळण देतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ४एच कुठे लावायचं आणि कुठे नाही, ते दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक ॲक्सलमधला डिफरन्शिअल सांभाळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्यातही फरक पडतो. पुढची चाकं नेहमी मोठ्या वर्तुळावर जातात आणि मागची चाकं आतून कापून येतात. अरुंद गल्लीत वळताना मागचं चाक कठड्याला घासतं ते यामुळेच. पार्ट-टाइम गाडीत २एच असताना पुढचा ॲक्सल इंजिनपासून सुटा असतो, त्यामुळे तो हवा तेवढा पुढे धावतो. ४एच लावलं की ट्रान्सफर केसमधली स्लीव्ह, म्हणजे दाते असलेली सरकती कडी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) एकमेकांना घट्ट जोडते. मध्ये तिसरा डिफरन्शिअल नसतो. दोन्ही शाफ्ट तंतोतंत सारख्या फेऱ्यांनी फिरलेच पाहिजेत. म्हणजे ४एच हे खरं तर कुलूप आहे. त्याने इंजिनची ताकद वाढत नाही आणि टायरची पकडही वाढत नाही. एक ॲक्सल घसरला तर दुसऱ्याने गाडी ओढावी, एवढ्यासाठीच ते कुलूप आहे.

आता आकडे घालून बघू. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २४५० मिलिमीटर आहे. पूर्ण लॉकपेक्षा थोडं सैल वळण धरू, ज्यात मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जातो. पायथागोरस लावला तर पुढच्या ॲक्सलची त्रिज्या ५.५७ मीटर येते. एका पूर्ण फेरीत मागचा ॲक्सल ३१.४ मीटर आणि पुढचा जवळपास ३५ मीटर जातो. फरक साडेतीन मीटरचा. २५५/६५ आर १८ टायरचा घेर सुमारे २.४८ मीटर असतो, म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ दीड फेरी जास्त फिरायचं असतं. ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) चारच्या आसपास धरलं तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला मागच्यापेक्षा पावणेसहा फेऱ्या जास्त हव्या असतात, आणि कुलूप त्याला एकही जास्त देत नाही.

हाच हिशेब घाटात करा. पसरणीसारख्या घाटातलं एखादं घट्ट वळण १५ मीटर त्रिज्येचं धरलं, तर अर्ध्या वर्तुळात पुढच्या-मागच्यात ६० सेंटिमीटरच्या वर फरक पडतो. चाकाची पाव फेरी, म्हणजे शाफ्टची जवळपास एक पूर्ण फेरी. ५० मीटर त्रिज्येच्या मोकळ्या वळणावर हा फरक ०.१२ टक्क्यांवर येतो, आणि हायवेच्या लांबलचक वळणांवर तो मोजण्याइतका उरतच नाही. त्रिज्या कमी झाली की फरक झपाट्याने वाढतो. म्हणून गाडी सगळा रस्ता "नीट चालली" आणि पार्किंगमध्ये अडखळली, यात काहीच आश्चर्य नाही.

शाफ्टला जी जास्तीची फेरी मिळाली नाही ती जाते कुठे? कच्च्या रस्त्यावर, चिखलात, वाळूत, बर्फावर टायर जरासा सरकतो आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर टायर सहजासहजी सरकत नाही. मग ओलं धोतर दोन टोकांना धरून पिळावं तसा पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंतच्या सगळ्या साखळीला पीळ बसतो: हाफ शाफ्ट (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचा दांडा), क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलचे मुख्य गिअर), जॉइंटचे क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यातले अधिक-चिन्हासारखे तुकडे), प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केसची साखळी किंवा गिअर, आणि परत मागे. सगळ्यांत जेवढी लवचिकता आहे तेवढा पीळ साठतो, आणि त्याच्या पुढे गेलं की कुठलं तरी चाक झटक्यात सरकतं. तुम्हाला जाणवलेलं अडखळणं आणि ऐकू आलेलं टायरचं ओरडणं ते हेच.

हा पीळ केवढा असू शकतो? त्याची कमाल मर्यादा इंजिन ठरवत नाही, टायरची पकड ठरवते. पुढच्या ॲक्सलवर ९०० किलो वजन आणि कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.८ धरला, तर चाकं सरकायला ७२० किलोचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या ०.३८ मीटर धरली तर ॲक्सलवर साधारण २७०० न्यूटन-मीटर, आणि चारने भागलं तर प्रोपेलर शाफ्टवर ६७० न्यूटन-मीटरच्या आसपास. डिझेल थारच्या इंजिनचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३०० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे इंजिन नुसतं रांगत असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, पुढच्या शाफ्टमध्ये इंजिनच्या कमाल टॉर्कच्या दुपटीहून जास्त पीळ अडकून बसू शकतो. पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना शाफ्टला याहून जास्त भार येतो, म्हणून तो लगेच तुटत नाही. पण तो भार काम करणारा असतो आणि थोडा वेळ येतो. पीळाचा भार काहीही काम करत नाही. प्रत्येक वळणात तो चढतो, झटक्यात सुटतो, पुन्हा चढतो. मागच्या शाफ्टमध्ये तर इंजिनचा टॉर्क आणि पीळ यांची बेरीज होते. धातू थकतो तो अशा चढ-उतारांनी.

कच्च्या रस्त्यावर हाच गुणांक ०.३ ते ०.४ असतो, त्यामुळे कमाल पीळ आपोआप निम्म्यावर किंवा त्याहून खाली राहतो. आणि ओलं डांबर? इथे बहुतेक जण चुकतात. पाऊस पडला म्हणून रस्ता "निसरडा" झाला असं आपण म्हणतो, पण चांगल्या टायरला ओल्या स्वच्छ डांबरावर ०.५ ते ०.६ पकड मिळते. पीळ बसायला ती भरपूर आहे. ताम्हिणीत किंवा वरंध घाटात पावसाळ्यात नुसता रस्ता ओला आहे म्हणून ४एच लावू नका. दरडीची माती रस्त्यावर वाहून आली आहे, सावलीतल्या टप्प्यावर शेवाळ धरलंय, लाल चिखलाने डांबर दिसेनासं झालंय, तिथे जरूर लावा आणि तो टप्पा संपला की काढा.

याला जोडूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण इथे गाडीच्या भागांपेक्षा माणसांचा प्रश्न आहे. ४एच लावल्याने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक चारही चाकांना २एच मध्येही लागतातच. उलट घट्ट वळणावर कुलूपबंद ॲक्सलमुळे पुढची चाकं वळायला नकार देतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे घाटात कठड्याकडे किंवा समोरून येणाऱ्याच्या अंगावर सरकते. स्टिअरिंग जड लागतं ते या विरोधामुळेच. "फोर-एच मध्ये घाट सुरक्षित" असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ बघून नवीन मालक हे करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. कोरड्या घाटाला लागतात ते चांगले टायर, योग्य हवा आणि योग्य गिअर.

पहिला बळी टायरचा जातो, आणि एका अर्थाने ते बरंच असतं, कारण टायर सरकला नाही तर दुसरं काहीतरी तुटेल. ट्रेडवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टायर घासला गेलाय. अलाइनमेंट बिघडली तरी असंच होतं, त्यामुळे नुसत्या यावरून निष्कर्ष काढू नका.

त्यानंतर झिजतात जॉइंटचे क्रॉस. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा, वर-खाली हलवून बघा. पिळल्यावर थोडी मोकळीक लागणं साहजिक आहे, ती दात्यांमधली असते. पण क्रॉसच्या कपात खळखळ जाणवली, किंवा कपाभोवती लालसर भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपून सुया गंजताहेत असं समजा. क्रॉस बदलणं स्वस्तातलं काम आहे. तो सुटून शाफ्ट खाली आपटला तर मात्र ट्रान्सफर केसच्या हौसिंगपर्यंत खर्च जातो. ग्रीस निप्पल असतील तर शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनलाही ग्रीस मारून घ्या. पीळ बसलेला असताना स्प्लाइन नीट सरकत नाही, आणि कोरडी राहिली तर खड्ड्यात गाडी दबताना ती भार थेट बेअरिंगवर ढकलते.

ट्रान्सफर केसमध्ये काही गाड्यांत साखळी असते, काहींत गिअर. जुन्या जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली आणि पूर्ण गिअरची होती. साखळीवाल्या केसमध्ये वारंवार पीळ बसून साखळी ढिली होते. त्याचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना खालून येतो, लोखंडी पट्टी आपटल्यासारखा, आणि फक्त ४एच मध्ये. त्याचबरोबर स्लीव्हला सरकवणारा शिफ्ट फोर्क आणि स्लीव्हही बघावी लागते. तुमच्या बाबतीत मला खरी काळजी तिथे आहे. लिव्हर येत नव्हता कारण पीळामुळे स्लीव्हचे दाते एकमेकांत आवळून बसले होते. अशा वेळी जोराने ओढलं की सगळा ताण पातळ फोर्कवर येतो आणि तो वाकू शकतो. वाकलेला फोर्क स्लीव्हला अर्धवट गुंतलेली ठेवतो, आणि मग दात्यांची टोकं गोलावतात. पुढे कधीतरी चिखलात ऐन गरजेच्या वेळी ४एच आपोआप सुटतं.

म्हणून सगळ्यात आधी हे तपासा की तुमची गाडी २एच मध्ये खरोखर सुटली आहे का. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे सुटली असं गृहीत धरू नका. मोकळ्या सपाट सिमेंटच्या जागी २एच मध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून अगदी सावकाश गोल घ्या. गाडी अजिबात न अडखळता, ओढ न लागता फिरली पाहिजे. अडखळली तर एक तर ट्रान्सफर केस अजून गुंतलेली आहे किंवा मागचा डिफरन्शिअल लॉक (डाव्या-उजव्या चाकांना एकत्र जखडणारं कुलूप) सुटलेला नाही. नक्की करायचं तर गॅरेजमध्ये पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, आणि दोघांनी मिळून पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी पुढच्या दिशेने फिरवा. २एच मध्ये ती फिरली पाहिजेत, ४एच मध्ये अडली पाहिजेत. नुसत्या एका जॅकवर हे करू नका. पीळ अडकलेला असेल तर उचललेलं चाक झटका मारून फिरतं आणि बोटं जायला वेळ लागत नाही.

"ठक" आवाजाबद्दल. २एच मध्ये पूर्ण वळणावर ओळीने कटकट-कटकट येत असेल तर पुढच्या हाफ शाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा) बघा. त्याचं रबरी बूट फाटलंय का, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का, ते टॉर्च मारून दिसतं. एकच "ठक", तोही गाडी पुढून मागे किंवा मागून पुढे नेताना, असेल तर क्रॉस, क्राउन-पिनियनची मोकळीक किंवा फाटलेलं माउंटिंग रबर, या क्रमाने बघा. रबर माउंटिंगकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पीळ सुटताना सगळा गिअरबॉक्स झटका खातो, आणि जुनं रबर तिथे फाटतं.

ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल आत्ताच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. ट्रान्सफर केसमध्ये ऑइल थोडंच असतं, त्यामुळे ते लवकर तापतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मलमासारखी बारीक पूड असेल तर काळजी नाही, ती प्रत्येक गाडीत निघते. नखाला टोचतील असे कण, पापुद्रे, दात्याचा तुकडा निघाला तर केस उघडावी लागेल. सेकंड-हँड गाडी आहे, तेव्हा आधीच्या मालकाने काय भरलंय तेही यातून कळेल. काही ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ फ्लुइड लागतं, आणि आपल्याकडे डोळे झाकून जाड गिअर ऑइल भरून देतात. मॅन्युअलमधलं पान मिस्त्रीला दाखवून भरून घ्या.

टायरचं माप हाही याच हिशेबाचा भाग आहे, आणि त्यात तर गाडी सरळ चालली तरी पीळ बसतो. पुढे नवे टायर ८ मिलिमीटर ट्रेडचे, मागे ३ मिलिमीटर उरलेले, असं असेल तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा, म्हणजे कागदावर सव्वा टक्क्याचा फरक झाला. रेडियल टायरच्या आतल्या पट्ट्यांमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, पण किलोमीटरला दहा मीटर धरले तरी शाफ्टच्या हिशेबाने ते फार आहेत. पैसे वाचवायला दोनच टायर बदलणं पार्ट-टाइम गाडीला महागात पडतं. चारही एकाच मेकचे, एकाच मापाचे ठेवा, रोटेशन वेळेवर करा, आणि हवा कंपनीने सांगितलेली.

लिव्हर पुन्हा कधी अडकला तर जोर लावू नका. यामागची एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते: डावं वळण घेतल्यावर उजवं वळण घेतलं की पीळ फिटतो, हे खरं नाही. दोन्ही वळणांत पुढचाच ॲक्सल जास्त अंतर कापतो, त्यामुळे दोन्ही पीळ एकाच दिशेने साठतात. पक्क्या रस्त्यावर नागमोडी चालवून तुम्ही त्यात भरच घालता. पीळ उलगडतो तो त्याच वळणाने मागे येऊन. स्टिअरिंग तसंच ठेवून, रिव्हर्समध्ये, सावकाश तेवढंच अंतर मागे या आणि हलक्या हाताने लिव्हर ओढा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतो. जागा नसेल तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीवर उतरवून थोडं पुढे जा, मातीवर चाक सरकलं की पीळ गेला. बटणाच्या गाड्यांत दिवा लुकलुकत राहतो, तोही हेच सांगत असतो. बटण पुन्हापुन्हा दाबू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि मोटरला वेळ द्या.

कोरड्या पक्क्या रस्त्यावर ४एल (चारही चाकांचं संथ पण जास्त जोराचं सेटिंग) तर नकोच. ट्रान्सफर केसच्या लो रेशोमुळे टॉर्क आणखी दोन-अडीच पट होतो, आणि ४एल बहुतेक वेळा लागतं तेच मुळी कमी जागेत वळवताना. डिफरन्शिअल लॉकचं त्याहून वाईट. गुरखासारख्या गाडीत हाताने लावायचे लॉक आहेत. दीड मीटर रुंदीच्या ॲक्सलला ५ मीटरच्या वळणात आतल्या-बाहेरच्या चाकांमध्ये ३० टक्क्यांच्या वर फरक लागतो, तो सगळा हाफ शाफ्टच्या माथी बसतो. लॉक लावला की स्टिअरिंग सरळ ठेवा, खड्ड्यातून निघालात की लॉक काढा.

हे सगळं पार्ट-टाइम गाड्यांपुरतं आहे, आणि सेकंड-हँड बाजारात घोळ इथेच होतो. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा या पार्ट-टाइम. पण फॉर्च्युनरचं बघा. २००९ मध्ये आपल्याकडे आलेल्या पहिल्या पिढीच्या ४x४ मध्ये मधला डिफरन्शिअल होता, ती नेहमीच चारही चाकांवर चालायची आणि डांबरावर तशी चालवणंच बरोबर होतं. तिथे टाळायचं होतं ते सेंटर लॉक. २०१६ च्या पिढीत डायलवर एच२, एच४, एल४ आलं आणि ती पार्ट-टाइम झाली. नाव तेच, पण जुन्या गाडीची सवय नव्या गाडीत चुकीची ठरते. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्टवाल्या गाड्यांत ४एच डांबरावर चालतं आणि मधला डिफरन्शिअल लॉक करणारं ४एचएलसी चालत नाही. एक्सयूव्ही ७०० सारख्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मध्ये क्लच असतो, तो गरजेनुसार आवळतो, तिथे तुम्हाला काही करायचंच नसतं. त्या क्लचला मारतात ते वेगवेगळ्या मापाचे टायर. मॅन्युअलमधली ट्रान्सफर केसची चार पानं वाचायला अर्धा तास पुरतो. कृपा करून वाचा.

आता कुणी म्हणेल, मग ४एच ला हातच लावायला नको. तसंही करू नका. वर्षभर न लावलेलं ४एच ऐन वेळी लागत नाही. पुढच्या बाजूची सील सुकतात, फोर्क आणि ॲक्च्युएटर जाम होतात, हबमध्ये गंज धरतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये महिन्याला सुमारे १६ किलोमीटर चारही चाकांवर चालवायला सांगितलेलं असतं, ते याचसाठी. आपल्याकडे त्यासाठी जागेची कमी नाही. गावाकडची पाणंद, धरणाच्या बाजूचा मुरमाड रस्ता, ऊस वाहतुकीचा कच्चा रस्ता, कुठेही सरळ टप्प्यात लावा आणि आरामात चालवा. ताडोब्यात जिप्स्या वर्षानुवर्षं जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर चालल्या. चारही चाकांच्या यंत्रणेला मानवतो तो असा रस्ता.

जुनी जिप्सी किंवा जुनी जीप असेल आणि पुढच्या हबला हाताने फिरवायची लॉकिंग चकती असेल, तर एक सोय मिळते. हब "फ्री" वर ठेवून ४एल लावलं की पुढचा शाफ्ट फिरतो पण चाकांशी जोडलेला नसतो, त्यामुळे पीळ बसत नाही आणि लो रेशो मात्र मिळतो. सिमेंटच्या उतारावर जड ट्रेलर मागे घेताना हे कामी येतं. सगळा टॉर्क एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, तेव्हा क्लच सावकाश सोडायचा.

राहिला डिसेंबरचा प्रवास. मनालीच्या पलीकडे रस्ता एकसारखा नसतो. उन्हातला टप्पा कोरडा, वळणामागच्या सावलीत काचेसारखा बर्फ, पुन्हा कोरडं. तिथे ४एच लावून ठेवावं की काढत राहावं, हा प्रश्न खरा आहे. माझं मत असं, की बर्फाचे तुकडे वरचेवर येत असतील तर ४एच ठेवा. मधल्या थोड्या कोरड्या टप्प्यात, मोठ्या वळणांवर बसलेला पीळ पुढच्या बर्फावर चाक सरकून फिटतो, आणि बर्फावर अचानक २एच मध्ये सापडण्याचा धोका त्या झिजेपेक्षा फार मोठा आहे. मात्र कोरड्या भागात घट्ट वळण, यू-टर्न किंवा पार्किंग आलं की आधी २एच.

अटल बोगदा हे याचं अगदी नेमकं उदाहरण. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. हिवाळ्यात सोलंगकडून दक्षिण तोंडापर्यंत बर्फ असू शकतो, आत पक्का रस्ता, आणि पलीकडे लाहौलच्या बाजूला पुन्हा बर्फ. आत शिरल्यावर रस्ता कोरडा दिसला की सरळ चालत असतानाच ॲक्सिलरेटरवरून पाय काढून २एच करा. उत्तरेचं तोंड जवळ आलं की बाहेर काय आहे ते अंदाजून, अजून आत सरळ असतानाच, ४एच करा. किती वेगापर्यंत चालत्या गाडीत बदलता येतं ते प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि ४एल साठी बहुतेक गाड्या पूर्ण थांबवाव्या लागतात. त्यासाठी बोगद्यात थांबायचं नाही, तो बदल बाहेर करायचा. आणि हे बदल बर्फाच्या मध्यावर, चाकं घसरत असताना कधीच करू नका. फिरणारं चाक आणि थांबलेला शाफ्ट एकदम जोडला की दाते तिथेच चुरतात.

काळ्या बर्फावर (डांबरावर न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) ४एच गाडी हलवून देईल, पण थांबवणार नाही. त्यासाठी बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवा. एकच जोडी असेल तर ती पुढच्या चाकांना की मागच्या, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठरवा, आणि पुण्यातच घरासमोर एकदा चढवून-उतरवून बघा. थंडीत बधिर बोटांनी पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. डांबर दिसायला लागलं की साखळ्या उतरवा, गाडी २एच मध्ये आणा, आणि परत आल्यावर आज सांगितलेली क्रॉस, बूट आणि ड्रेन प्लगची तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.